पैंजणं घालून निवडुंगांच्या बागेत

मी लग्नातसुद्धा पैंजणं घातली नव्हती. आईने हौसेने केलेली, जाड, घुंगरं लावलेली. "मी काय पोळ्याचा बैल आहे का?" म्हणून डब्यात टाकून दिली. तीच पन्नाशीत, सिंगापुरात, हाफ पँटवर घालायला लागले. तीही एका कुत्र्यासाठी.

कुत्रं आमचंच. चौदा वर्षांचं, तपकिरी. मिशा पांढऱ्या झाल्यापासून मी त्याला म्हातारबा म्हणते. गेल्या वर्षी त्याचे डोळे गेले. टॅम्पिनीसचा आमचा फ्लॅट चार ढांगांत संपतो, तो त्याला पाठ होता. बाहेर मात्र पाय रोवून उभा राही. त्याला एकच जागा मनापासून आवडायची, एका मोठ्या बागेच्या कोपऱ्यात केलेली वाळवंटी बाग. वाळू, मोठमोठे दगड आणि निवडुंगच निवडुंग. या गावात बारा महिने ओल. टॉवेल वाळत नाही, तिथे म्हाताऱ्याच्या सांध्यांचं काय? ते दगड संध्याकाळी उतरवलेल्या तव्यासारखे उबदार असायचे. त्यावर पोट टेकून तो असा उसासा सोडायचा, की माझाही आठवड्याचा शीण जायचा.

पण आंधळं कुत्रं आणि निवडुंगांची बाग! नवरा म्हणाला, "डोकं फिरलंय का तुझं?" पट्टा कायद्याने लागतोच, पण ओढला की म्हातारबा फतकल मारून बसायचा. मी व्हिडिओ कॉलवर आईपुढे रडले. आईचं माहेर सांगोल्याकडचं. ती म्हणाली, "अगं, त्यात रडायचं काय? आमची आंधळी शेळी घंटेवाल्या शेळीमागे रानभर फिरायची. तू पैंजणं घाल. आणि त्या टाचा बघ, नुसत्या भेगा! खोबरेल चोळ जरा. बँकेत जातेस ना?"

मी दोन्ही ऐकलं. तेलकट टाचा, साध्या चपला, पायात पैंजणं, अशी मी वाळूतून छुमछुम निघाले आणि म्हातारबा सैल पट्ट्याने माझ्यामागे, वळणाला वळण. एकाही निवडुंगाला नाक लागलं नाही. मुलगा दहा पावलं लांबून त्याच्या सिंगापुरी मराठीत कुजबुजला, "आई, लोक बघतायत लाह!"

"बघू देत. तू रांगायचास तेव्हा तुझ्यापुढे खुळखुळा वाजवत मीच चालायचे. तेव्हाही बघतच होते."

नवऱ्याने एक अट घातली. "एक जरी काटा लागला, तर बाग बंद. त्याचे हाल मला बघवत नाहीत." डोळे गेले तेव्हा आमच्या घरात सगळ्यात जास्त तोच रडला होता, म्हणून मी हो म्हटलं.

सहा महिने आमचं छान चाललं. मग एका शनिवारी चपलेतून माझ्याच पायात काटा घुसला. पुढच्या शनिवारी नवऱ्याने बळेच बूट आणि जाड मोजे घालायला लावले. पैंजणं मी मोज्यांवर चढवली, वाजतही होती खणखणीत. मोठ्या दगडापाशी मी उजवीकडे वळले. पट्टा डावीकडे गेला आणि म्हातारबा किंचाळला. नाकावर, ओठांवर काटेच काटे. टॅक्सीत त्याला पोटाशी धरून बसले. नवऱ्याला फोन केला. तो एवढंच म्हणाला, "आपलं ठरलं होतं."

डॉक्टरीणबाईंनी काटे काढले. मग त्याच्या मागे स्टीलचं भांडं दाणकन आपटलं. मी दचकले. म्हातारबाचा कानही हलला नाही. त्या हळूच म्हणाल्या की त्याला बऱ्याच महिन्यांपासून ऐकू येत नसावं.

"छे हो! माझ्या पैंजणांमागे चालतो तो!" मी जवळजवळ भांडलेच त्यांच्याशी. मग इतके महिने मी वाजत होते ते कोणासाठी? माझं लेकरू काळोखात आणि वर अशा शांततेत फिरत होतं, आणि मला पत्ताच नव्हता. शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

म्हातारबा खाली उतरला. माझ्या बुटाचा वास घेतला आणि तोंड फिरवून दुसरीकडेच चालायला लागला. माझ्या डोक्यात काय आलं कोण जाणे, मी तिथेच बूट-मोजा काढला. रोजच्या तेलाने टाच चकचकत होती. तो थांबला. वळला. सरळ आला आणि टाचेवर नाक टेकून उभा राहिला.

नवऱ्याला मी कधी कशासाठी विनवण्या केल्या नव्हत्या. त्या आठवड्यात केल्या. "एकदाच. तू बरोबर चल. नाही जमलं तर पुन्हा नाव काढणार नाही."

शनिवारी पैंजणं डब्यात ठेवली, टाचांना वाटीभर खोबरेल चोपडलं आणि चपला घातल्या. नवरा बागेच्या तोंडाशी हाताची घडी घालून उभा राहिला. मी वाळूत उतरले. कसलाही आवाज नव्हता. मागे वळून बघायची हिंमत होत नव्हती. मोठा दगड आला. देवाचं नाव घेत मी उजवीकडे वळले आणि पाय अडखळला.

"थांबू नकोस," मागून नवऱ्याचा आवाज आला. "चालत राहा. येतोय तो."