सायरन काढलेली गाडी

या सदरातले अनुभव मी आजवर टाइमपास म्हणून वाचत आलो. वाचून झाले की बायकोला म्हणायचो, "लोकांना झोप येत नाही, दुसरं काय!" मी फिजिक्स शिकवतो. ध्वनी म्हणजे हवेतली कंपनं, आणि कंपनं व्हायला काहीतरी कंप पावावं लागतं... हे वाक्य मी वर्गात इतक्या वेळा म्हटलं आहे की पोरं माझी नक्कल करतात. तरीही आज लिहायला बसलोय. पटवून देण्यासाठी नाही. मला एका बाईला उत्तर द्यायचं आहे आणि ते माझ्याकडे नाही, म्हणून.

मी मूळचा अमरावतीचा. तिथे कोचिंग क्लासमध्ये शिकवायचो. लग्नानंतर तेल्हाऱ्याला ज्युनिअर कॉलेजात लागलो, कारण वैशालीचं माहेर तिथलं. तिथे आम्हा काही शिक्षक-दुकानदारांचं एक छोटं मंडळ आहे. आजूबाजूच्या गावांतल्या पेशंटला अकोल्याच्या दवाखान्यात नेऊन सोडायचं, एवढंच काम. आमची जुनी व्हॅन बसली तेव्हा शेंदूरजनाघाटचे एक संत्रा व्यापारी मदतीला आले. पोलिसांच्या जुन्या गाड्यांचा लिलाव झाला होता, त्यातली एक बोलेरो त्यांनी घेतली आणि आम्हाला दान दिली. त्यांचे वडील पोलीस खात्यात ड्रायव्हर होते आणि निवृत्त होईपर्यंत हीच गाडी चालवत होते, म्हणून त्यांचा तिच्यावर जीव.

नारळ फुटला, हार घातला, पेढे वाटले. गाडी आल्यावर आम्ही तिला पांढरा रंग दिला. टपावरचा दिवा, वायरलेस, सायरन हे सगळं खात्याने लिलावाआधीच काढून घेतलं होतं. टपावर फक्त बुजवलेली भोकं राहिली होती. गाडी चालवायच्या आमच्या पाळ्या ठरल्या.

कापसाच्या हंगामातली गोष्ट. वैशालीला आठवा महिना होता. दुपारी जेवण करून मी पेपर तपासत होतो आणि सासूबाईंची हाक आली, "जवाई... लवकर या!" मोरीच्या दारात वैशाली बसली होती. साडी रक्ताने भिजली होती. गावातल्या डॉक्टरबाई धावत आल्या. तपासून मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "सर, इथं काही होणार नाही. अकोला. आत्ताच्या आत्ता." अँब्युलन्स दुसऱ्या गावाला गेलेली, यायला वेळ होता. मंडळाची बोलेरो चौकातच उभी होती. मीच चावी घेतली.

मागच्या सीटवर वैशाली आडवी, तिचं डोकं सासूबाईंच्या मांडीवर. अकोट मागे पडेपर्यंत रस्ता बरा होता. त्यानंतर मात्र ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागली. कापूस दोन्ही बाजूंनी लोंबतोय, ओव्हरटेक करायला जागा नाही. माझे हात घामाने स्टिअरिंगवरून सटकत होते.

तेवढ्यात मागून वैशाली म्हणाली, "अहो... तो भोंगा बंद करा न."

"कोणता भोंगा?"

"सायरन हो... डोक्यात घुसून राहिला... बंद करा."

तिने दोन्ही कानांवर हात दाबून धरले होते. सासूबाई माझ्याकडे आरशातून बघून म्हणाल्या, "भरम झाला तिले. तुमी गाडी पयवा. वैशू, डोये मिटू नको वं माय, बोलत राय."

मला काही ऐकू येत नव्हतं. इंजिन, हवा आणि सासूबाईंचा गजाननाचा जप, एवढंच. पण पुढच्या ट्रॉल्या एकेक करून कडेला सरकत होत्या. एका ट्रकवाल्याने तर दोन चाकं खाली मातीत घातली. चोहोट्टा बाजारला नेहमी गाडी मुंगीसारखी सरकते. त्या दिवशी लोकांनी हातगाड्या ओढून घेतल्या, कुणीतरी रस्त्यात उभं राहून हात हलवून आम्हाला पुढे काढलं. मला वाटलं, पांढऱ्या रंगाखालची जुनी अक्षरं उन्हात दिसत असतील, पोलिसांची गाडी समजून घाबरत असतील लोक. तेवढा विचार करायलाही वेळ नव्हता. मागे वैशाली रडत म्हणत होती, "बंद करा... बंद करा हो..." पूर्णेचा पूल ओलांडला आणि तिचं बोलणं थांबलं. 

दवाखान्याच्या फाटकात स्ट्रेचर तयार होता. वॉचमन म्हणाला, "लांबूनच सायरन आयकू आला साहेब, म्हनून काढून ठेवला." मी स्ट्रेचरच्या मागे धावलो. आत डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर दोघी गेल्या असत्या.

दोघी. कारण मुलगी झाली होती. मूठभर जीव, काचेच्या पेटीत. आज ती घरभर रांगते.

वॉचमनचं बोलणं मी विसरून गेलो असतो. पण रजा संपवून कॉलेजात परत गेलो त्या दिवशी आमचे इंग्रजीचे सर म्हणाले, "काय हो, मंडळाच्या गाडीले सायरन लावायची परवानगी भेटली का?" ते त्या दुपारी बाइकने अकोल्याहून परत येत होते. "केवढ्यानं वाजून राहिला होता! मी तर गाडी पार शेतात घातली." मी हसलो. मग घरी वैशालीला विचारलं. ती म्हणाली, "मी तुम्हाला किती वेळा सांगितलं, बंद करा म्हणून."

मेकॅनिककडे नेऊन बॉनेट उघडलं. वायरी कापलेल्या, टोकांना टेप गुंडाळलेला. शेवटी मी शेंदूरजनाघाटला फोन लावला. खरं सांगतो, माझ्याही मनात तेच आलं होतं जे आता तुमच्या मनात आलं असेल. मी चाचरत विचारलं, "तुमचे वडील... म्हणजे... कधी गेले?"

"बाबा? कुठं गेले?" ते म्हणाले. "बाबा तर इथंच अंगणात बसून संत्रं खाऊन राहिले. बोलता का?"

म्हाताऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि खदखदून हसले. "सर, त्या गाडीचा सायरन माह्या हातानं काढून जमा केला मी. अन् होता तवाई कुठं धड वाजे तो? साहेब शिव्या देत मले."

त्या गाडीत त्यांना कधी काही वेगळं जाणवलं नव्हतं. त्या दुपारी ते काय करत होते हेही मी विचारलं. म्हणाले, "झोपलो असीन. दुपारी दुसरं काय करतो मानूस?"

इथे थांबलं असतं तर मी कधीच लिहिलं नसतं. चांगला झालेला चमत्कार कोण उकरत बसतो?

पण गावात गोष्ट पसरली. भोंग्याची गाडी. लोक टपाला हळद-कुंकू लावू लागले. आणि ऐन उन्हाळ्यात एका दुपारी सुमनबाई पळत माझ्या दारात आल्या. फुलांची शेती करणाऱ्या विधवा बाई, एकुलता एक मुलगा रामेश्वर. तो झेंडूला पाणी देता देता छाती धरून बसला होता. अँब्युलन्स निघाली होती, पण त्या थांबायला तयार नव्हत्या. "मले तुमचीच गाडी पायजे सर! तुमच्या घरच्या लक्ष्मीले वाचवलं न तिनं!"

निघालो. त्याच रस्त्याने. चोहोट्टा बाजारच्या पुढे रस्त्यात एक ट्रक आडवा झाला होता आणि दोन्हीकडे वाहनांच्या रांगा. कुणी हलेना. मी हॉर्न दाबून धरला. पुढचा जीपवाला मागे वळून शिवी देऊन मोकळा झाला.

"वाजवा न सर!" मागून सुमनबाई ओरडल्या.

"बाई, हिला सायरन नाही हो..."

"तुमच्या बायकोसाठी वाजला न! मंग माह्या लेकरासाठी काहून नाई वाजत?"

त्यांनी दोन सीटांमधून पुढे झुकून डॅशबोर्डवर हात मारायला सुरुवात केली. "वाज वं माय... वाज..." आणि मी... ध्वनी म्हणजे कंपनं असं शिकवणारा मी, स्टिअरिंगवर डोकं टेकवून तेच म्हणत होतो. वाज. एकदा वाज. मग गाडी तशीच टाकून रस्त्यावर धावलो. ट्रकवाल्यांच्या दारांवर थापा मारल्या, लोकांचे पाय धरले. लोक चांगले होते हो. त्यांनी जमेल तसं सरकवलं, चारजणांनी धक्के मारून एक ट्रॉली खाली उतरवली. रस्ता मिळाला. पण पूर्णेच्या पुलाअलीकडेच रामेश्वरचा हात सीटवरून खाली लोंबला आणि सुमनबाईंनी तो उचलून परत त्याच्या छातीवर ठेवला. खाली आला, परत ठेवला. दवाखान्यापर्यंत त्या तेच करत राहिल्या.

अँब्युलन्ससाठी थांबलो असतो तरी उशीरच झाला असता, असं डॉक्टर म्हणाले. मी ते सुमनबाईंना सांगितलंय. त्यांनी ऐकून घेतलं.

त्या दिवसापासून आजवर त्या गाडीतून कितीतरी पेशंट नेले. कुणी सायरन ऐकल्याचं कानावर नाही. वैशाली त्या गाडीत बसत नाही, आणि का, हे मी विचारत नाही.

परवा बाजारात सुमनबाई दिसल्या. फुलं पसरून बसल्या होत्या. मी नजर चुकवून पुढे निघालो, पण त्यांनी हाक मारली. "सर, पोरगी कशी हाये?"

"बरी आहे."

"चालते का आता?"

"रांगते अजून."

त्यांनी फुलांवर पाणी शिंपडलं. मग अगदी साध्या आवाजात, राग नाही, टोमणा नाही, म्हणाल्या, "तुमी शिकेल-सवरेल मानूस, म्हनून इचारतो. कोनासाठी वाजावं अन् कोनासाठी नाई, हे कोन ठरवते?"

मी म्हणालो, "मला नाही माहीत, बाई."

"मलेई नाई मालूम," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या गिऱ्हाइकासाठी फुलं तोलू लागल्या.