पांढरं कार्ड

कोणत्याही गावात रक्ततपासणीच्या शिबिराला गेलो की भाऊ आधी लोकांच्या चपला उचलायचे. ग्रामपंचायतीच्या दारात चपलांचा ढीग असायचा. त्यातले दोन जोड निवडून ते थेट टेबलावर आणून ठेवत, माझ्या कापसाच्या बोळ्यांशेजारी. मी ओरडायची. ते ऐकायचे नाहीत.

"हे पाहा. मायपाशी दोन चपला, बापापाशी दोन. पोरगं जन्माले येते तं एक मायची घेऊन येते, एक बापाची. आता मायची एक तुटकी हाये, बापाची बी एक तुटकी हाये. सांगा, पोराच्या पायात काय येईन?"

लोक विचारात पडत. कोणी म्हणे दोन्ही चांगल्या, कोणी म्हणे एक चांगली, एक तुटकी. मग एखादी म्हातारी हळूच म्हणे, "दोन्ही तुटक्या बी येतीन."

"शाबास! चार खेपांतून एखाद्या खेपेला येतीन. पन कोन्त्या खेपेला, ते कोनीच सांगू शकत नाई. एक तुटकी असली तं मानूस चालते. दोन्ही तुटल्या तं चालनंच मुश्कील."

तेवढ्यात चपलेचा मालक येऊन उभा राहायचा. "भाऊ, माही चप्पल द्या न. मले घरी जाचं हाये."

"थांब बाबू. तुह्या चपलेवर अख्खं गाव शिकून राह्यलं."

आजही हे आठवलं की मला हसू येतं, आणि हसू येतं म्हणून स्वतःचाच राग येतो.

पोंभुर्णा तालुक्यातल्या आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ते लॅब टेक्निशियन होते, मी सिस्टर. मी तिथे रुजू झाले तेव्हा त्यांना बरीच वर्षं झाली होती. आमच्या भागात सिकलसेल घरोघरी आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असायच्या त्या विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात, आणि माणूस हाडं फुटल्यासारखा कळवळतो. आईबापाकडून येणारा आजार. तपासणी झाली की कार्ड मिळतं. पांढरं म्हणजे काही नाही. पिवळं म्हणजे दोष एकाच बाजूने आलाय, तो माणूस ठणठणीत जगतो. लाल म्हणजे दोन्ही बाजूंनी, म्हणजे आजार. पिवळ्याने पिवळ्याशी लग्न करू नये, एवढं लोकांच्या डोक्यात शिरावं म्हणून त्यांनी आयुष्य घालवलं होतं.

"आधी कार्ड, मंग लाडू," हे त्यांचं पालुपद. कुठे साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरल्याचं कळलं की बोलावणं नसतानाही जाऊन बसायचे. गोंडपिपरीकडच्या एका गावात दोन्हीकडची कार्डं पिवळी निघाली, तर नवरीचा मामा काठी घेऊन त्यांच्यामागे धानाच्या बांधीपर्यंत धावला होता. दोन वर्षांनी तोच मामा पत्रिका घेऊन केंद्रात आला. पोरीचं दुसरीकडे जमलं होतं. पत्रिकेवर हळदकुंकू लावून तो म्हणाला, "भाऊ, या. यंदा काठी नाई आनत."

तुम्हीही असं एखादं माणूस पाहिलं असेल, ज्याच्या शब्दावर अख्खा गाव डोळे मिटून हात पुढे करतो. सुई टोचताना पोरं माझ्याकडे रडायची, त्यांच्याकडे नाही.

हे वेड कुठून आलं, ते त्यांनी एकदाच सांगितलं. नाल्याला पूर आला होता आणि आम्ही जीपमध्ये अडकून पडलो होतो. त्यांच्या धाकट्या भावाला सिकलसेल होता. लोक त्या दुखण्याला वात म्हणायचे, झाडपाला बांधायचे. भाऊंना आजार कळत होता, औषधं देत होते, तरी तो तिशी गाठू शकला नाही. "शेवटी शेवटी मले म्हने, दादा, माहे पाय तोडून टाक. बाई, असं कोनी मांगते का?" त्या दिवसापासून मी त्यांना मानायला लागले.

माझी धाकटी बहीण पल्लवी माझ्याजवळच असायची. आईवडील गेल्यावर मीच तिला शिकवलं. तिचं कार्ड पिवळं. मी स्वतः सिस्टर, लपवायचा प्रश्नच नव्हता. पाहुणे येत, पोहे खात, पोरगी पसंत आहे म्हणत आणि कार्ड पाहिलं की उठून जात. पोराचं कार्ड पांढरं असलं तरी! दोनदा तर भाऊ माझ्या बाजूने भांडले. "अरे, पिवळं म्हनजे रोग नाई! तुमचं पोरगं पांढरं हाये न, मंग कायले भेता?" ते लोक निघून गेल्यावर पल्लवी कपबशा विसळत म्हणाली होती, "ताई, मी काय गुन्हा केला का?"

त्यानंतर महिनाभराने भाऊ बायकोला घेऊन घरी आले. दोघंही नीट कपडे करून. त्यांचा मुलगा मंगेश चंद्रपूरला मोटारसायकल दुरुस्तीचं काम करायचा. पल्लवीला त्याने आमच्या एका शिबिरात पाहिलं होतं आणि आईजवळ बोलला होता.

"माह्या पोराचं पांढरं हाये," भाऊ म्हणाले आणि खिशातून कार्ड काढून टेबलावर ठेवलं. जुनं, कोपरे मळलेलं. त्यांच्याच अक्षरात. "तुमची पोरगी आमाले द्या."

मी ते कार्ड हातातही घेतलं नाही. त्यांचं कार्ड काय पाहायचं? मी रडले. त्यांची बायको म्हणाली, "आता रडू नका, ईहीनबाई." मग सगळेच हसलो.

लग्न झालं. पल्लवी त्यांच्या घरी नांदायला गेली. मंगेश शनिवारी घरी यायचा. ते घर चांगलं होतं, हे मी आजही म्हणेन. भाऊ तिच्यासाठी बाजारातून अंबाडीची भाजी आणायचे, कारण तिला आवडायची. वर्षाने परी झाली, वजन छान. बारशाला भाऊंनी स्वतः पेढे वाटले. आता मागे वळून पाहते तेव्हा आठवतं, पल्लवीच्या तिसऱ्या महिन्यात ते एकदम गप्प झाले होते. मला वाटलं, शुगर वाढली असेल.

परी आठ महिन्यांची असताना पल्लवी तिला घेऊन केंद्रात आली. तेंदूपत्त्याचे दिवस होते, सगळे पानं तोडायला जंगलात गेलेले, ओपीडीत चिटपाखरू नव्हतं.

"ताई, मुंगळा चावला वाट्टे हिले. दोन दिवस झाले, हात लावू देत नाई."

परीच्या दोन्ही हातांची बोटं फुगलेली, चकाकणारी. पायाचीही. मी एका बोटाला हात लावला तशी ती किंचाळली. असे हातपाय मी शंभर वेळा पाहिले होते. सिकलसेलच्या बाळांना पहिल्यांदा असंच होतं. मी स्वतःला सांगितलं, शक्य नाही. बाप पांढरा आहे. आणि तरीही मी भाऊंना हाक मारली नाही. नमुना घेतला आणि दुसऱ्याच गाडीने जिल्ह्याला पाठवला.

रिपोर्ट आला. दोन्ही बाजूंनी.

लॅबच्या कपाटात जुनी रजिस्टरं असतात. मंगेश दहावीत असतानाचं रजिस्टर शोधायला मला दहा मिनिटंही लागली नाहीत. नाव, वय पंधरा, आणि निकालाच्या रकान्यात, त्याच सरळ उभ्या अक्षरात, पिवळा. कार्ड खोटं होतं. रजिस्टर खरं होतं. रजिस्टरमध्ये खोटं लिहायला त्यांचा हात धजला नसावा.

दुपारी मी ते पान उघडून त्यांच्यासमोर ठेवलं, वर परीचा रिपोर्ट. ते काचपट्ट्या धूत होते.

"माहीत होतं?"

मला वाटलं होतं ते नाही म्हणतील, चूक झाली म्हणतील. नळ बंद करून ते म्हणाले, "होतं."

"मंग कार्ड पांढरं काऊन?"

"मंगेश पंधराचा होता. काकाले मरताना पाह्यलं होतं त्यानं. रोज मले विचारे, बाबा, मले बी तसंच होईन का? त्याचा चेहरा पाहून माह्या तोंडून पिवळं निघालंच नाई."

"पिवळं म्हनजे रोग नाई, हे साऱ्या तालुक्याले समजावलं तुमी. घरच्या पोराले नाई समजावता आलं?"

"नाई आलं."

"तेव्हा लहान होता. लग्नाच्या वेळेस तं मोठा होता."

"त्याचं मन बसलं होतं पल्लवीवर. अन् सांगतलं असतं तं बापच खोटा निघाला असता."

"अन् तिसऱ्या महिन्यात? पोटातल्या बाळाची तपासनी होते नागपूरले. तुमीच पाठवता लोकांले. तेव्हा बी तोंड उघडलं नाई?"

त्यांनी ओले हात पुसले. मग म्हणाले, "मले वाटलं, चारातून तीन चांगले असते."

"लोकांले तं सांगत होते, चारातून एक बी पुष्कळ झाला."

"लोकांले सांगत होतो," ते म्हणाले.

मला त्यांच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. त्याऐवजी मी रजिस्टर मिटलं. "घरी तुमी सांगा. मी नाई सांगनार."

त्यांनी रविवारी सांगितलं. मंगेशने पाळणा सोडला, सामान बांधलं आणि दोघींना घेऊन चंद्रपूरला खोली केली. तो बापाचा फोन घेत नाही.

मी पल्लवीला भेटायला गेले. परी झोपली होती. मला वाटलं पल्लवी रडेल, सासऱ्याला शिव्या देईल.

"ताई, ते रजिस्टर तुह्या खोलीच्या बाजूच्याच खोलीत होतं न?"

"हो."

"दार बंद असे का?"

"नाही."

तिने चहा केला, मी तो प्यायले. भाऊंनी मला फसवलं, आणि माझ्या बहिणीच्या लेखी मी तिला फसवलं. यातलं कोणतं जास्त लागलं, ते मी अजून ठरवू शकलेले नाही.

मी वर कळवलं नाही. केंद्रात येणाऱ्या प्रत्येकाचं कार्ड मी कित्येक महिने रजिस्टरशी ताडून पाहिलं. एकही चुकीचं निघालं नाही. सगळ्या तालुक्यात एकच कार्ड खोटं होतं आणि ते माझ्या घरात आलं होतं. ही गोष्ट बाहेर गेली असती तर बाकीच्या कार्डांवर कोणी विश्वास ठेवला नसता. आत्ता कुठे हात पुढे करायला लागलेली माणसं पुन्हा जंगलात पळाली असती. असं मी स्वतःला सांगितलं. त्यात माझी लाज किती होती, ते मला माहीत आहे.

वर्षभर आम्ही त्याच भिंतीच्या दोन बाजूंना काम केलं. शिबिरात ते आता चपला उचलत नसत, भिंतीवरच्या तक्त्याला छडी लावून सांगत. मला ते एकच प्रश्न विचारायचे. परीला तपासून आणल्याचं कानावर गेलं की दारात येऊन उभे राहत.

"हिमोग्लोबिन?"

"आठ."

"बरं."

मग त्यांनी स्वतः अर्ज करून भामरागडला बदली मागून घेतली. पावसाळ्यात रस्ते तुटतात म्हणून जिथे कोणी जायला मागत नाही, तिथे. लोकांना वाटलं, केवढा हा त्याग!

निरोपाच्या कार्यक्रमाला शाळेचं पटांगण भरलं होतं. सरपंच म्हणाले, "भाऊनं किती घरं वाचोली, त्याची गिनती नाई." मग मला बोलावलं. भाऊंनी वर्षभरात पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहिलं. मी म्हणाले, "यांनी मला सिकलसेल शिकवला. तुम्हालाही शिकवला." एवढंच. टाळ्या पडल्या. मी त्यांच्या खांद्यावर शाल घालत होते, तेव्हा ते माझ्यापुरतं बोलले.

"मले वाटलं, आज तुमी सांगून टाकान."

"माईक तुमच्याच हातात येऊन राह्यला," मी म्हणाले. "तुमी सांगा."

त्यांनी माईक घेतला. "माह्या घरात..." ते म्हणाले आणि थांबले. समोर बायकांच्या रांगेत त्यांची बायको बसली होती, पदर तोंडाशी धरून. पहिल्या ओळीत माझ्या लसीकरणातली पोरं होती, त्यांच्या आया होत्या. किती वेळ गेला कोण जाणे. मी मनातल्या मनात म्हणत होते, बोला. एकदा बोला.

"...माह्या घरातल्यासारखं वागवलं तुमी मले. धन्यवाद," ते म्हणाले आणि खाली बसले.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसने ते गेले. त्यानंतर मी त्यांना पाहिलेलं नाही.

गेल्या महिन्यात भामरागडकडची एक आरोग्यसेविका प्रशिक्षणाला आली होती. ती म्हणाली, "तुमच्याकडचे भाऊ लई जीव तोडून सांगतात. गोंडी बी शिकले. अन् स्वतःच्या नातीचीच गोष्ट सांगतात. म्हनतात, माह्या नातीले हाये अन् माह्या खोटेपनानं झालं. बाया रडतात ऐकून."

मी तिला पाणी दिलं. तिथे बोलणं त्यांना जमतंय. तिथे पल्लवी नाही, मंगेश नाही, मी नाही.

पल्लवीला मी हे अजून सांगितलेलं नाही.