पहिला आकडा

सकाळी उठण्याआधी अंथरुणातच नाडी मोजायची आणि वहीत लिहायची, असं आमच्या धावण्याच्या सरांनी सांगितलंय. सराव अंगी लागला की हा आकडा उतरतो म्हणे. त्यावर सर पुढच्या आठवड्याचे किलोमीटर वाढवतात. माझा आकडा दोन महिन्यांत छान उतरला. म्हणूनच मला संशय यायला लागला.

कारण टेकडीच्या चढावर मी अजून त्याच वळणाशी थांबून धापा टाकतो. मग आतलं हृदय एवढं शहाणं कधी झालं? आधी मी मनगटावरच्या, नाडी मोजणाऱ्या घड्याळावर संशय घेतला. पट्टा आवळून पाहिला, हात बदलून पाहिला. मग हृदयावरच घेतला. कुणी मोजतंय हे कळल्यावर तेही पाहुण्यांसमोर बसवलेल्या मुलासारखं नीट वागत असेल. इतकी वर्षं आपल्या आत राहतंय, पण त्याच्या खरेपणाची खात्री कुणी द्यायची?

काल बायकोनं कूस न बदलताच विचारलं, "कितव्यांदा मोजतोयस?"

"तिसऱ्यांदा. पहिल्यांदा जरा जास्त आले होते."

"आणि वहीत कुठला लिहितोस?"

डोळे मिटून, श्वास लांबवून, पुन्हा पुन्हा मोजून त्यातला सगळ्यांत कमी आकडा उचलायची सवय कधी लागली, ते माझं मलाच कळलं नव्हतं.

आज ठरवलं, येईल तो पहिलाच आकडा लिहायचा. जाग आली, घड्याळाकडे पाहिलं, आणि ठोके वाढायला लागले, चोरी पकडली गेल्यावर वाढतात तसे.