पायगुण नव्हे, भरतीचं पाणी

मंडळी, आज खाडीत मी जिंकलो!

मी आगबोटीचा इंजिनवाला; कल्याणहून नव्या नवरीसह वऱ्हाड घेऊन कोलशेतला निघालेलो. वाटेत इंजिन धाडधाड आदळायला लागलं. मी वाफ बंद केली. लगेच नवरीची सासू पुटपुटली, "नव्या सुनेचा पायगुण!" पोरीचा चेहरा उतरला. माझं डोकंच फिरलं.

सिलिंडरचा नळ उघडला, तर पाणी. चाखलं, तर खारट! नुसत्या वाफेचं पाणी खारट नसतं. म्हणजे बॉयलरचंच पाणी उसळून आत शिरत होतं.

बोट हाकणाऱ्या सारंगाला विचारलं, "सारंगमामा, बॉयलरमध्ये पाणी कधी भरलंत?"

"भरतीला. घाई होती रे."

भरतीला खाडीत समुद्राचं खारं पाणी चढतं आणि ते बॉयलरमध्ये फेसाळून उसळतं; म्हणून आम्ही नेहमी ओहोटीचं गोडं पाणी भरतो!

बॉयलरमधलं खारं पाणी काढून काठावरच्या विहिरीचं पाणी भरलं आणि इंजिन सुरळीत चाललं. उतरताना सून हसली.

खरं सांगा, तुमच्या घरात आधी बिघाड शोधतात की दोष द्यायला सून?