पर्वत अडला तो आमच्या लालामुळे नव्हे

म्हैसुरातून हिमालयात गेलेली पहिली तुकडी लाल बावट्यांमुळे परत पाठवली गेली, ही गोष्ट ज्यांनी ऐकली असेल त्यांनी ती विसरावी, आणि ज्यांनी सांगितली असेल त्यांनी थोडी लाज बाळगावी. त्या तुकडीत मी होतो. सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. तरीही त्यांना त्या दिवशीचे सारे काही माझ्याहून अधिक आठवते. एका आवृत्तीत आम्हांला तुरुंगात टाकतात, दुसरीत आम्हांला पाहून सैन्य मोर्चे बांधते, आणि बंगळूरकडे प्रचलित असलेल्या आवृत्तीत तर एक मंत्री जातीने येऊन आमची सुटका करतो. मंत्र्याचे आम्हांला दर्शनही झाले नाही, आणि तुरुंगात टाकावे इतके महत्त्व आम्हांला कोणी दिले नाही. दिले असते तर मला ते आवडले असते.

आमचे घराणे रंगाऱ्यांचे. म्हैसुरात किती पिढ्या झाल्या ते कोणी मोजलेले नाही. पण घरात मराठी आणि भट्टीवर कानडी असा रिवाज वडिलांच्याही आधीपासून होता. वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. कारखान्यांतून डब्यातले तयार रंग येऊ लागल्यावर इतरांनी जुनी भांडी मोडीत काढली. अण्णांनी लाल रंगापुरती ठेवली. हिरड्याच्या पाण्यात कापड भिजवायचे, तुरटी द्यायची, मग मंजिष्ठेच्या मुळ्यांच्या हंड्यात मंद आचेवर शिजवायचे. त्यांचा लाल धुण्याने उतरत नसे आणि उन्हाने विटत नसे. पक्का रंग हीच त्यांची पदवी होती आणि तीच त्यांची मिळकत.

चीनशी युद्ध होऊन काही वर्षे लोटली होती. मी एका खासगी शाळेत भूगोल शिकवत होतो. माझा जिवलग मित्र मेटगळ्ळीच्या बाजूला एका सरकारी कारखान्यात अभियंता होता. आमच्या गिर्यारोहण मंडळाचा तो प्रमुख, कारण दोर त्याच्या मालकीचा होता. चामुंडीच्या टेकडीवरचे सगळे कातळ घासून गुळगुळीत केल्यावर आम्ही गढवालमधल्या एका शिखरावर जाण्याची परवानगी मागितली.

सीमेजवळच्या पर्वतांपुढे सरकारने एक रेषा आखली होती आणि तिच्या पलीकडे परवानगीवाचून पाऊल टाकायचे नव्हते. देशाचे रक्षण व्हावे याबद्दल माझे दुमत नाही. पण अर्जासोबत शिखराचा नकाशा जोडावा, ही पहिली अट होती. आणि त्या भागाचा नकाशा सामान्य नागरिकाने बाळगू नये, हा नियम होता. दोन्ही आज्ञा एकाच कचेरीच्या. अखेर मी शाळेच्या भिंतीवरच्या नकाशावरून अंदाजाने एक आकृती काढून दिली. तिच्यात एक नदी उलटी वाहत होती. आकृती मंजूर झाली, परवाना आला.

बर्फावर धुके उतरले की परतीची वाट हरवते, म्हणून वाटेवर बांबूच्या काड्यांना लहान बावटे लावून रोवत जायचे असतात. पांढऱ्यावर उठून दिसेल असा रंग हवा. जगातल्या कोणाही गिर्यारोहकाने यासाठी बाजारातले कापड आणले असते. आमच्या घरात तो अपमान ठरला असता. अण्णांनी कापड स्वतः निवडले, आणि लगनसराईच्या मागण्या बाजूला ठेवून आमचे बावटे रंगवले. ‘‘बर्फात पडो, वाऱ्यात फाटो,’’ ते म्हणाले, ‘‘लाल जाणार नाही.’’ चीनच्या सीमेकडे पेटीभर लाल बावटे घेऊन निघण्यात काही वावगे असेल, हे आमच्यापैकी एकाच्याही मनात आले नाही. रंगाऱ्याच्या घरी लाल म्हणजे लाल. त्याला पक्ष नसतो.

आता गढवालमधल्या चौकीवर काय घडले ते ऐका. मी तिथे होतो. अधिकाऱ्याने आमचा परवाना वाचला, उलटसुलट पाहिला आणि शांतपणे हिंदीत सांगितले, ‘‘हा चालणार नाही. रेषा खाली आली आहे.’’

‘‘म्हणजे?’’ मी विचारले.

‘‘तुमचा पर्वत आता पलीकडे गेला.’’

‘‘पर्वत गेला?’’

‘‘पर्वत तिथेच आहे, मास्तरजी. रेषा या गावापर्यंत आली. नवा हुकूम आहे.’’

आम्ही आगगाडीत झोपा काढत असताना सरकार शिखरावरून दोराशिवाय, कुऱ्हाडीशिवाय, एकही गडी न गमावता थेट गावापर्यंत उतरले होते. इतके यशस्वी अवरोहण मी कोणत्याच मोहिमेच्या इतिहासात वाचलेले नाही. शेजारच्या कट्ट्यावर दिल्लीहून आलेली एक तुकडी तोंड पाडून बसली होती. तिलाही त्याच हुकुमाने अडवले होते, आणि तिच्याजवळ एकही बावटा नव्हता. हे वाक्य वाचकाने कृपा करून पुन्हा वाचावे. आमच्या डोळ्यांदेखत मेंढ्यांचा एक कळप रेषा ओलांडून वर गेला. त्याला कोणी हटकले नाही.

आमची पेटी त्यानंतर उघडली गेली. परत जाण्याचे ठरून, चहा पिऊन झाल्यावर. अधिकाऱ्याने एक बावटा उचलला आणि विचारले, ‘‘हे कोणाच्या स्वागताला?’’ सगळे हसले, तो सर्वांत मोठ्याने. मग त्याने कापड बोटांत चोळून पाहिले आणि म्हणाला, ‘‘रंग छान आहे.’’ बस्स. संशय नाही, चौकशी नाही, तुरुंग नाही.

परत आल्यावर मात्र गावभर एकच गोष्ट पसरली: बावट्यांमुळे पर्वत बंद झाला. कृष्णराजनगरच्या एका लग्नात, भर पंगतीत कोणी तरी अण्णांना म्हणाले, ‘‘काय रंगारीमामा, तुमच्या लालाला घाबरून सरकारनं हिमालयच मिटला म्हणे!’’ पंगत हसली. अण्णाही हसले. मी घरी त्यांना पुन्हा पुन्हा सगळे समजावले, रेषा कागदावर काढून दाखवली. ते म्हणाले, ‘‘तू मुलगा आहेस. तू असंच सांगणार.’’ त्यानंतर लाल रंगवायला कोणी कापड आणले की ते आधी विचारीत, ‘‘हे कुठं नेणार?’’ नवरीच्या शालूलाही हा प्रश्न. गिऱ्हाईक हसायचे, मग चिडायचे, मग दुसरीकडे जायचे. शेवटी लालाचा हंडा थंडच राहिला. आपल्या रंगाने पोरांची वाट अडवली, ही समजूत घेऊनच अण्णा गेले.

यंदा म्हैसुरातल्याच हेब्बाळच्या एका मोठ्या कंपनीतल्या हौशी गिर्यारोहकांनी आम्हा दोघा उरलेल्यांचा सत्कार ठरवला. निमंत्रणात लिहिले होते, ‘लाल बावट्यांची गमतीदार कहाणी त्यांच्याच तोंडून’. मी ते निमंत्रण घेऊन तडक मित्राच्या घरी गेलो.

‘‘ही कहाणी पहिल्यांदा कोणी सांगितली?’’

‘‘अय्यो, बिडो!’’ तो हात झटकत म्हणाला. ‘‘जाऊ दे की रे. किती वर्षं झाली! सुम्ने भांडायला आलास?’’

‘‘सुम्ने नाही, कारणासाठी आलोय. कोणी सांगितली?’’

त्याने चष्मा काढून पुसला. ‘‘मी,’’ तो म्हणाला. ‘‘परत आल्यावर आमच्या साहेबांनी विचारलं, का परत आलात? काय सांगू? सरकारनं हातात परवाना दिला आणि वाटेत पर्वत काढून घेतला? सरकारी कारखान्यात उभं राहून? ते दिवस आठव. सरकार चुकलं म्हटलं की माणसामागे चौकशी लागायची. बावट्यांचं सांगितलं. साहेब हसले. मी सुटलो.’’

‘‘आणि अण्णा?’’

‘‘अण्णा कुठं नोकरीत होते? त्यांना कोण काढणार होतं?’’

मी त्याला शालूची आणि ‘कुठं नेणार’ची हकिकत सांगितली. ती त्याला ठाऊक नव्हती.

‘‘सभेत सांग,’’ मी म्हणालो. ‘‘कानडीत. सगळ्यांना कळेल असं.’’

‘‘सांगतो. पण तू मध्ये बोलायचं नाहीस हं, कणो.’’

मी बोललो नाही, याची नोंद असावी. त्याने मोजक्या शब्दांत रेषेची हकिकत सांगितली. सभागृहाने सभ्य, कोरड्या टाळ्या वाजवल्या. सूत्रसंचालिकेने लाडिकपणे विचारले, ‘‘सर, ती बावट्यांची कॉमेडी?’’ त्याने ध्वनिक्षेपक दोन्ही हातांनी धरला. ‘‘ती खोटी,’’ तो म्हणाला. ‘‘मी रचली. माझी नोकरी सांभाळायला. यांच्या वडिलांचा लाल निर्दोष होता.’’ कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मग पडद्यावर कोणाच्या तरी सहलीची छायाचित्रे सुरू झाली. शेजारी बसलेल्या मुलीने मला हळूच विचारले, ते शिखर आता खुले आहे का. मधे काही वर्षे खुले होते, पुन्हा मिटले, असे मी ऐकले होते, तसे सांगितले. ती म्हणाली, ‘‘आम्हीपण अर्ज केलाय, अंकल. पुढच्या मोसमात बघू म्हणाले.’’ त्या कचेरीचा आवाज मी लगेच ओळखला.

परतताना रिक्षात मित्राने विचारले, ‘‘झालं समाधान?’’

‘‘नाही.’’

‘‘आणखी काय हवं, स्वामी? शंभर माणसांपुढं नाक घासलं!’’

‘‘त्यांना रंगातलं काय कळतं? आमच्या समाजाच्या देवळात चल. पौर्णिमेला सगळे जमतात. तिथं अजून दहा म्हाताऱ्या अशा आहेत की ज्यांनी लगनाचं कापड अण्णांकडून परत नेलं. त्यांच्यापुढं सांग.’’

‘‘त्या मला मारतील.’’

‘‘मारू देत.’’

अग्रहाराचे वळण आल्यावर त्याने विचारले, ‘‘पौर्णिमा कधी?’’