रानभाज्यांची ती पोस्ट माझी चुकली

शिक्षक मंडळींनो, परवा मी याच ग्रुपवर तावातावाने लिहिलं होतं, "रानात वाढणाऱ्या मुलांनाच आता रानभाज्या ओळखता येत नाहीत." वर्गाला एकेक रानभाजी आणायला सांगितली होती आणि एकानेही आणली नव्हती. तुम्हीही कमेंटमध्ये भरभरून हळहळलात.

आज दुपारी त्या कमेंट्स मी सुनंदाताईंना वाचून दाखवल्या. रानशेतजवळच्या आमच्या पाड्यावरच्या शाळेत त्या पोषण आहार शिजवतात. डाळ ढवळता ढवळता त्या थांबल्या.

"बाई, पोरं कशी आणतील? आमच्या पाड्यावर कवळ्या भाजीची पूजा अजून झाली नाय. देवाला दाखवल्याबिगर नवी भाजी आम्ही खुडतच नाय."

दहा वर्षं इथे शिकवतेय मी. हे मला माहीत नव्हतं.

तशीच वर्गात गेले आणि भाज्यांची नावं विचारली. फळा भरला. कुठली भाजी कुठे उगवते, कुठलीत आंबट घातलं नाही तर घसा खाजतो, सगळं पोरांना तोंडपाठ.

"मग परवा गप्प का बसलात?"

चौथीतली मनीषा म्हणाली, "बाई, तुम्ही आणायला सांगितलेलं. विचारलं कुठे?"

जुनी पोस्ट मी काढलेली नाही, तिच्याखाली ही चूक लिहिली आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ती आपापल्या ब्लॉगवर टाकली, दुसऱ्या ग्रुपवर पाठवली. खरं सांगा, ही पोस्टही तितक्याच उत्साहाने पुढे पाठवाल?