ध्रुवावरून आलेला पट्टा

मला लहानपणापासून दक्षिण ध्रुवाचं वेड. निरवांगीच्या रणरणत्या उन्हात, उसाच्या बांधावर बसून मी बर्फात अडकलेल्या जहाजांच्या गोष्टी वाचायचे. आबा, म्हणजे माझे वडील, हसायचे. "बर्फच बघायचा आसंल तर गोळेवाल्याकडं जा की!"

आणि गेल्या वर्षी त्याच ध्रुवावरची वस्तू माझ्या हातात आली. खरीखुरी! लंडनला शिकताना मी ज्या म्हाताऱ्या बाईंकडं राहत होते, त्यांचे आजोबा ध्रुवावरच्या सुरुवातीच्या एका मोहिमेत खलाशी होते. मी परत निघाले तेव्हा बाईंनी आजोबांचा कॅनव्हासचा रुंद पट्टा मला देऊन टाकला. असले पट्टे अंगात अडकवून माणसं बर्फावरून सामानाची गाडी ओढत. त्यावर घामाचा काळपट डाग अजून होता. विमानात अख्ख्या वाटेत मी तो मांडीवरून खाली ठेवला नाही.

बेंदराच्या, म्हणजे आमच्याकडच्या बैलपोळ्याच्या, दुसऱ्या दिवशी बारामतीच्या एका कॉलेजात तो प्रदर्शनात मांडायचं ठरलं. तिथल्या सरांनी बजावलं होतं, "धुऊ नका, पुसू नका. डाग गेला तर मला तो मांडता यायचा नाही." मी कशाला हात लावतेय! आनंदानं माझे पाय जमिनीवर नव्हते.

बेंदराच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडं खांदमळणी असते. वर्षभर जू वाहून बैलांचे खांदे सोलवटतात, म्हणून त्यांना हळद-तूप चोळायचं. मी पट्टा ओसरीच्या खुंटीला अडकवून चहाला आत गेले. बाहेर येऊन बघते तर काय! आबा पट्टा मांडीवर घेऊन हळद-तूप चोळतायत, आणि तेही नेमकं त्या डागावर.

"आबा! अवो काय केलंत हे!"

"काय केलं? बैलाचाच पट्टा न्हवं? कडक झालता, मऊ करतुय."

माझी शहरी भाषा पार पळाली. "बैलाचा न्हाय, माणसांचा हाय त्यो! माणसं ओढायची गाडी, बर्फातनं! वाटोळं केलंत सगळं!"

आबांचा हात थांबला. "माणसं? बैल न्हवतं तितं?"

"कुठनं असणार बैल? काहींकडं कुत्री होती, ह्यांच्याकडं तीबी न्हवती."

आबांनी पट्टा उलटापालटा करून पाहिला. मग स्वतःच्याच खांद्यावरून घेतला आणि पुढं वाकून अंगणात चार पावलं टाकली. थांबून खांदा चोळत म्हणाले, "आन मग ह्यांचं खांदं कुणी मळलं?"

माझा राग कुठल्या कुठं गेला. "कुणीच न्हाय, आबा."

प्रदर्शनाच्या दिवशी आबा न बोलावता, नवा फेटा बांधून माझ्यासोबत बारामतीला आले. पट्टा उलगडला तसा सरांचा चेहरा पडला. "मॅडम, हे पिवळं काय?" आता सर काचेची पेटी काही उघडत नाहीत, असं वाटलं.

आबाच पुढं झाले. "खांदमळणी केलीया सर, त्या माणसांची. लई उशीर झाला, पर केली."

सरांनी पेटी उघडली आणि पट्टा हळदीची बाजू वर करून आत ठेवला.